हिपॅटायटिस सी, त्याचे प्रकार आणि आपल्या टी पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला, मासेमारी थांबली, बोटी शाकारून झाल्या की बंदरावरच्या माणसांना जरा उसंत मिळते. तपासणीला माणसं येतात ती याच दिवसांत. दुसरी लाट गणपतीनंतरची. मंडळाच्या शिबिरात रक्त दिलेलं असतं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप येतो की एकदा येऊन भेटा. कारण तपासणीत हिपॅटायटिसचा, म्हणजे यकृताला सूज आणणारा, विषाणू असल्याचं दिसलेलं असतं. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशा रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीपाशी येतात: विषाणूचे प्रकार वेगवेगळे असतात म्हणतात, मग आपलं शरीर त्यांना ओळखतं तरी कसं? त्याचं उत्तर मी मुद्दाम सविस्तर दिलं आहे. ते समजलं की रिपोर्टची भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या रिपोर्टवर "हिपॅटायटिस सी, जीनोटाइप ३" असं लिहिलंय. हा वाईट प्रकार आहे का?

जीनोटाइप म्हणजे विषाणूच्या घराण्याची शाखा. हिपॅटायटिस सी विषाणूच्या अशा आठ शाखा माहीत आहेत. आठवी शाखा २०१८ साली नोंदली गेली, ती कॅनडातल्या मूळच्या पंजाबी रुग्णांमध्ये. दोन शाखांच्या जनुकीय मजकुराची तुलना केली तर जवळपास ३० टक्के अक्षरं वेगळी निघतात. भारतात सगळ्यात जास्त आढळतो तो जीनोटाइप ३, त्याच्या खालोखाल १. म्हणजे तुमच्या रिपोर्टवर आलेला प्रकार आपल्याकडचा नेहमीचाच आहे.

जीनोटाइप ३ मध्ये यकृतात चरबी साठण्याचं प्रमाण जास्त असतं आणि यकृत थोडं लवकर निबर होऊ शकतं, हे खरं आहे. पण आजच्या गोळ्या सगळ्या जीनोटाइपवर चालतात. साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने शंभरातले ९५ किंवा त्याहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, त्यात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. त्यामुळे "कुठला प्रकार" या काळजीत महिने घालवू नका, उपचार सुरू करा.

टी पेशी विषाणूला ओळखतात म्हणजे नेमकं काय करतात?

टी पेशी या पांढऱ्या पेशींतल्याच. अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात त्या सुमारे ४०० अब्ज असतात. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर एक ग्राही, म्हणजे ओळख पटवणारा रेणू असतो. जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून हा ग्राही बनतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक नव्या टी पेशीचा ग्राही निराळा. कोणता विषाणू कधी येणार हे शरीराला ठाऊक नसतं. म्हणून ते आधीच कोट्यवधी वेगवेगळे ग्राही तयार ठेवतं.

आता खरी गंमत. टी पेशीला अख्खा विषाणू कधीच दिसत नाही. विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की ती पेशी त्याची प्रथिनं कापते आणि आठ ते दहा अमिनो आम्लांचे (प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांचे) छोटे तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशी येऊन तेवढंच चाचपून बघते. मिरकरवाड्याच्या बाजारात एखादी मावशी ताटातली एक तुकडी बघून सांगते की ही सुरमई आहे की दुसरं काही. डोकं नाही, शेपटी नाही, नुसती तुकडी. टी पेशीचं काम तसंच. फरक एवढाच की ताटही ओळखीचं लागतं. तोच तुकडा दुसऱ्या माणसाच्या वेगळ्या एचएलएवर ठेवला तर तीच टी पेशी वळूनही बघत नाही.

हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ साली कॅनबेरात उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. एका वंशाच्या उंदराच्या टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी मारत होत्या, पण त्या पेशी आपल्याच वंशाच्या उंदराच्या असतील तरच. विषाणू तोच असूनही परक्या वंशाच्या पेशींना त्या हात लावत नव्हत्या. या शोधाला १९९६ साली नोबेल मिळालं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: विषाणूचा तुकडा आणि आपला एचएलए, दोन्ही मिळून ओळख होते.

टी पेशींचे दोन मोठे गट लक्षात ठेवा. सीडी८ पेशी रोगग्रस्त पेशी मारतात. सीडी४ पेशी त्यांना आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पेशींना बळ देतात.

दोन जीनोटाइपमध्ये ३० टक्के फरक असेल, तर एकासाठी तयार झालेल्या टी पेशी दुसऱ्याला ओळखतील का?

कधी हो, कधी नाही. ३० टक्के हा आकडा इथे फसवा आहे. टी पेशीला संपूर्ण विषाणू किती बदलला याच्याशी देणंघेणं नाही. तिच्यासमोरच्या तुकड्यातल्या नऊ अक्षरांत, म्हणजे नऊ अमिनो आम्लांत काय बदललं एवढंच महत्त्वाचं.

विषाणूची काही प्रथिनं सगळ्या शाखांत जवळजवळ सारखी असतात, कारण ती बदलली तर विषाणूचंच काम अडतं. तिथला तुकडा ओळखणारी टी पेशी जीनोटाइप १ आणि ३ दोघांनाही पकडू शकते. उलट, बाहेरच्या आवरणाची प्रथिनं इतकी बदलती की एकाच रुग्णाच्या रक्तातही त्यांच्या अनेक आवृत्त्या सापडतात.

मधली स्थिती जास्त बोलकी आहे. एनएस३ नावाच्या प्रथिनात १०७३ ते १०८१ या जागांवर नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे. ज्यांचा एचएलए ए२ या प्रकारचा आहे, त्यांच्या टी पेशी हा तुकडा फार आवडीने पकडतात, त्यामुळे त्यावर जगभर अभ्यास झाला आहे. जीनोटाइप १ए आणि १बी यांच्यात या तुकड्यात एका अक्षराचा फरक पडतो, तरी टी पेशींना तो चालतो. जीनोटाइप ३ मध्ये त्याच जागी अनेक अक्षरं बदललेली असतात, आणि १ वर तयार झालेल्या टी पेशी त्याला बहुतेकदा दाद देत नाहीत. गंमत म्हणजे २००१ साली संशोधकांना आढळलं की याच टी पेशींपैकी काही इन्फ्लुएन्झा (फ्लू) विषाणूच्या न्यूरामिनिडेज प्रथिनातला एक तुकडाही ओळखतात, कारण त्याची बरीचशी अक्षरं जुळतात. एकाच विषाणूचा भाऊबंद ओळखीचा निघत नाही आणि दुसऱ्याच कुळातल्या विषाणूचा तुकडा ओळखीचा निघतो!

यामागे कारण आहे. टी पेशीचा ग्राही अगदी एकाच तुकड्याला घट्ट बांधलेला नसतो. तसा असता तर शरीराला अशक्य इतक्या पेशी बाळगाव्या लागल्या असत्या. एक ग्राही मिळतेजुळते दहा लाखांहून जास्त तुकडे ओळखू शकतो असा संशोधकांचा अंदाज आहे. नऊ अक्षरांतली मधली काही ग्राहीला भिडतात, तर दुसरं आणि नववं अक्षर सहसा एचएलएच्या खोबणीत रुतून बसतं. म्हणून कोणतं अक्षर बदललं यावर सगळं अवलंबून. मधलं बदललं तर ग्राही चुकू शकतो. दुसरं किंवा नववं बदललं तर तुकडा एचएलएवर टिकतच नाही, मग ओळखायला समोर काही उरत नाही. आणि काही बदल असे की कोणावरच परिणाम होत नाही.

याहून चिंतेची एक गोष्ट १९९४ मध्ये हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही दोन्हींत दिसली. किंचित बदललेला तुकडा कधीकधी टी पेशीला नुसता चुकवत नाही, तर तिला अर्धवट गुंतवून थंड पाडतो. त्यामुळे शेजारी मूळ तुकडा असला तरी ती पेशी नीट काम करत नाही.

आम्ही दोघे सख्खे भाऊ. दोघांनाही हिपॅटायटिस सी झाला. धाकट्याचा औषधाविना गेला, माझा राहिला. असं का?

दर शंभरातल्या साधारण तीस जणांचा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो, बाकीच्यांचा राहतो. तुमच्या भावाने पथ्य जास्त पाळलं किंवा तुम्ही काही चुकलात, असं त्यातून निघत नाही.

एचएलए जनुकांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. दोन सख्ख्या भावांचे दोन्ही संच सारखे असण्याची शक्यता चारात एक, आणि एकही न जुळण्याची शक्यताही चारात एक. म्हणजे एकाच आईबापाच्या पोटी जन्मून, एकाच घरात वाढून, तोच विषाणू अंगात आला तरी तुमच्या पेशी त्याचे जे तुकडे मांडतात ते भावाच्या पेशी मांडत नसतील. एचएलए बी२७ असणाऱ्यांमध्ये हिपॅटायटिस सी आपोआप जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्यांच्या टी पेशी विषाणूच्या नकला काढणाऱ्या प्रथिनातला एक नाजूक तुकडा धरतात, आणि तो बदलणं विषाणूला महागात पडतं. पण हा फायदा जीनोटाइप १ पुरताच आढळला, कारण जीनोटाइप ३ मध्ये तो तुकडाच निराळा आहे. माणूस तोच, एचएलए तोच, नुसता विषाणूचा प्रकार बदलला आणि संरक्षण गेलं. "टी पेशी प्रकार ओळखतात" म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

टी पेशींच्या बाहेरचंही एक कारण आहे. इंटरफेरॉन लॅम्डा या विषाणूविरोधी प्रथिनाशी संबंधित जनुकाजवळचा एक फरक विषाणू आपोआप जाईल की नाही यावर मोठा परिणाम करतो, हे २००९ मध्ये कळलं. तोही जन्मजात.

विषाणू "रूप बदलून निसटतो" म्हणतात. तो मुद्दाम बदलतो का?

मुद्दाम काही नाही. हिपॅटायटिस सी चा जनुकीय मजकूर सुमारे ९,६०० अक्षरांचा, आणि त्याची नक्कल करणारं प्रथिन चुका तपासत नाही. एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला एक लाख कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. इतक्या नकलांत प्रत्येक जागची चूक कुठे ना कुठे होतेच. एखाद्या चुकीमुळे टी पेशी ज्या तुकड्यावर चालून येत होत्या तोच ओळखू येईनासा झाला, की त्या विषाणूची पिल्लावळ वाचते. बाकीचे मारले जातात. थोड्या आठवड्यांत रक्तात तोच उरतो.

बदल तीन ठिकाणी होऊ शकतो. तुकडा एचएलएवर बसेनासा होतो, किंवा बसतो पण ग्राहीला जुळत नाही. तिसरा प्रकार फसवा. तुकड्याच्या बाजूचं अक्षर बदलतं आणि पेशी ते प्रथिन योग्य जागी कापतच नाही. तुकडा अक्षरशः जसाच्या तसा असतो, पण बाहेर मांडलाच जात नाही.

मात्र बऱ्याच बदलांची किंमत असते. एचआयव्हीत हे सुंदर दिसतं. एचएलए बी५७ असलेल्या माणसात टी पेशी गॅग प्रथिनातल्या एका तुकड्यावर इतका दाब आणतात की विषाणूला २४२ व्या जागी बदल करावा लागतो. त्या बदलाने तो थोडा पांगळा होतो. हाच विषाणू पुढे बी५७ नसलेल्या माणसात गेला की बदललेलं अक्षर काही काळाने परत मूळचं होतं, कारण तिथे तो दाब नसतो.

सीडी४ पेशींची साथ असेल तर निसटणं अवघड जातं. २००३ मध्ये चिंपांझींवर झालेल्या प्रयोगात, एकदा हिपॅटायटिस सी मधून बरे झालेल्या प्राण्यांच्या सीडी४ पेशी काढून त्यांना पुन्हा विषाणू दिला. सीडी८ पेशी शाबूत होत्या, तरी विषाणू ठाण मांडून बसला, आणि त्याने नेमके सीडी८ पेशींच्या तुकड्यांतच बदल केलेले आढळले.

हिपॅटायटिस बी तर एवढा बदलत नाही. मग तो वर्षानुवर्षं कसा राहतो?

चांगला प्रश्न. बी चा जनुकीय मजकूर जेमतेम ३,२०० अक्षरांचा आणि त्याची जनुकं एकमेकांवर चढलेली. एक अक्षर बदललं की कधीकधी दोन प्रथिनं बिघडतात, म्हणून बदलायला त्याला फार वाव नाही. त्याचेही प्रकार आहेत, आपल्याकडे डी आणि ए मुख्य. पण तो टिकतो तो मुख्यतः दुसऱ्या मार्गाने: टी पेशींना थकवून. शिवाय यकृताच्या पेशीच्या केंद्रकात त्याचा मूळ डीएनए वळं होऊन बसतो, तिथवर औषधंही पोचत नाहीत.

थकणं म्हणजे काय, हे उंदरांतल्या एलसीएमव्ही या विषाणूवरून कळलं. त्याचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) प्रसिद्ध आहेत, आर्मस्ट्राँग आणि क्लोन १३. दोघांत मोजक्याच अमिनो आम्लांचा फरक. टी पेशी जे मुख्य तुकडे ओळखतात ते दोघांत अगदी सारखे. तरीही आर्मस्ट्राँग आठवड्याभरात साफ होतो आणि क्लोन १३ उंदराच्या रक्तात महिनोन् महिने राहतो. कारण क्लोन १३ जास्त पेशींत शिरतो आणि झपाट्याने वाढतो. टी पेशींसमोर तोच तुकडा रात्रंदिवस येत राहतो, आणि त्या हळूहळू काम सोडून देतात. काही मरतात, काही जिवंत राहून निष्क्रिय होतात. ओळख पटते, हात उचलत नाही. २००६ मध्ये रफी अहमद यांच्या गटाने दाखवलं की या थकलेल्या पेशींवर पीडी-१ नावाचा लगाम असतो आणि तो सोडवला तर त्या काही प्रमाणात पुन्हा कामाला लागतात. मूळचे हैदराबादचे अहमद अमेरिकेत काम करतात. पीडी-१ शोधणारे तासुकु होंजो यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह २०१८ साली नोबेल मिळालं; असे लगाम सोडवणारी औषधं आज कर्करोगात वापरली जातात.

लहानपणी संसर्ग झाला तर बी का राहतो, याचं उत्तर इथेच आहे. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातले सुमारे ९५ जण बरे होतात. तोच जन्मताना आईकडून बाळाला गेला तर सुमारे ९० बाळांत तो कायमचा राहतो. विषाणूचा स्ट्रेन तोच, फक्त टी पेशींची तयारी वेगळी.

एसजीपीटी वाढलंय. विषाणू यकृत खातोय का?

बी आणि सी हे दोन्ही विषाणू यकृताच्या पेशीला थेट फारसे मारत नाहीत. पेशी मारतात त्या तुमच्याच टी पेशी, विषाणू काढण्यासाठी. मेलेल्या पेशींतून एसजीपीटी हे यकृतातलं विकर रक्तात येतं. म्हणून हा आकडा कमी असणं म्हणजे विषाणू नाही असं नव्हे, आणि तो अचानक चढणं कधीकधी टी पेशी जाग्या झाल्याची खूण असते. पण वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर यकृतावर व्रण पडत जातात. हिपॅटायटिस बी ची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली तर विषाणू उसळतो, टी पेशी तुटून पडतात आणि जीवघेणी कावीळ होऊ शकते. मुंबईहून गावी येताना गोळ्या संपल्या म्हणून पंधरा दिवस राहिल्या, असं चाकरमान्यांकडून ऐकायला मिळतं. कृपया असं करू नका. सुट्टीच्या हिशोबाने गोळ्या आधीच घ्या.

हिपॅटायटिस सी एकदा बरा झाला की परत होत नाही ना?

होऊ शकतो, तोच प्रकार किंवा दुसरा. कांजण्या एकदा झाल्या की सहसा परत होत नाहीत, तसं इथे गृहीत धरू नका.

ज्यांचा विषाणू आपोआप गेला, त्यांच्याकडे चांगल्या स्मृती टी पेशी, म्हणजे जुना विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी असतात. पुन्हा संसर्ग झाला तर बऱ्याचदा तो कमी तीव्र आणि कमी दिवसांचा असतो. मात्र नवा प्रकार वेगळे तुकडे घेऊन आला, तर ही स्मृती अपुरी पडते. काही वेळा ती आड येते. १९९८ मध्ये एलसीएमव्हीवरच्या प्रयोगात दिसलं की थोडा बदललेला स्ट्रेन आल्यावर शरीर जुन्याच टी पेशी वाढवत बसलं, नव्याला नीट जुळणाऱ्या मागे राहिल्या.

गोळ्यांनी बरे झालेल्यांचं वेगळं. विषाणू गेला तरी थकलेल्या टी पेशी पूर्ववत होत नाहीत. त्यांच्या जनुकांवर थकव्याचा ठसा राहतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे औषध विषाणू काढतं, संरक्षण देत नाही. बरं झाल्यावरही दुसऱ्याचं ब्लेड, सुई, दात घासायचा ब्रश वापरू नका. जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदणाऱ्याकडे हात पुढे करू नका.

सी ची लस का नाही? बी ची तर आहे.

बी ची लस विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनावर प्रतिपिंडं तयार करते, आणि तो भाग सगळ्या जीनोटाइपमध्ये पुरेसा सारखा आहे. म्हणून एकच लस सगळीकडे चालते. सी चं आवरण फार बदलतं. त्यामुळे संशोधकांनी आतल्या, कमी बदलणाऱ्या प्रथिनांवर टी पेशी तयार करणारी लस बनवून माणसांवर आजमावली. २०२१ मध्ये निकाल आला: टी पेशी तयार झाल्या, सुरुवातीला रक्तातलं विषाणूचं प्रमाणही कमी राहिलं, पण विषाणू कायमचा राहण्याचं प्रमाण घटलं नाही. हा निकाल निराशाजनक होता हे मान्य करायला हवं. पण त्यातून एक कळलं की टी पेशींनी ओळखणं पुरेसं नाही, वेळेवर, पुरेशा संख्येने आणि एकाच वेळी अनेक तुकड्यांवर चालून जाणं लागतं.

एचआयव्हीच्या केंद्रात "सीडी४ काउंट" करतात. त्यावरून माझ्या टी पेशी कुठला स्ट्रेन ओळखतात ते कळतं का?

नाही. ती फक्त संख्या आहे. त्या पेशी कशाला ओळखतात ते पाहायला एलिस्पॉट किंवा टेट्रामर नावाच्या चाचण्या असतात. टेट्रामरमध्ये एचएलए आणि तुकडा यांची चौकडी करून तिला चमकणारा रंग लावतात. जुळणारी टी पेशी तिला चिकटते आणि मोजता येते. ही पद्धत १९९६ पासून आहे. या चाचण्या संशोधनाच्या प्रयोगशाळेत होतात, उपचार ठरवायला त्यांची गरज पडत नाही. भारतात एचआयव्हीचा मुख्य उपप्रकार सी आहे आणि आपली औषधं त्यावर चांगली चालतात.

कोकम, हळद, गुळवेल घेतल्याने टी पेशी विषाणू जास्त चांगला ओळखतील का? आणि काविळीची माळ?

ग्राही ठरतो थायमसमध्ये, जनुकांच्या जोडणीतून. एचएलए ठरतो आईवडिलांकडून. खाण्यापिण्याने यांपैकी काही बदलत नाही. सोलकढी जरूर प्या, ती आपल्या जेवणाचा भाग आहे. झाडपाल्याची औषधं मात्र यकृताच्या रुग्णाने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतात झाल्या आहेत.

माळेबद्दल लोक मनापासून विचारतात, म्हणून मनापासून सांगतो. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई ची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत आपोआप उतरते. टी पेशी आणि प्रतिपिंडं मिळून विषाणू साफ करतात. माळ त्याच दिवसांत लांबत जाते, म्हणून श्रेय तिला मिळतं. बी आणि सी मध्ये बहुधा कावीळ दिसतच नाही, त्यामुळे माळ घालायची वेळ येत नाही, आणि विषाणू गुपचूप राहतो. दारू मात्र सोडावीच लागेल, त्यात तडजोड नाही.

नागीण हाही असाच राहणारा विषाणू ना?

हो. कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर झोपलेला असतो, टी पेशी त्याला दाबून ठेवतात. वय वाढलं, टी पेशी मंदावल्या की तो एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. नवा स्ट्रेन बाहेरून आलेला नसतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्टा उठतो तो त्यामुळेच, आणि "विळखा पूर्ण झाला की माणूस जातो" या समजुतीला आधार नाही. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलं तर जास्त उपयोग होतो.

लेप्टोलाही हेच लागू होतं का?

नाही. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप जिवाणूमुळे येतो, तो मुख्यतः पेशींच्या बाहेर राहतो आणि त्याच्याशी लढतात मुख्यतः प्रतिपिंडं. त्याचे प्रकार निराळ्या कारणाने महत्त्वाचे आहेत. भातलावणीनंतर ताप आला तर टी पेशींचा विचार न करता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

घरात एकाला निघाला, तर कोणी तपासून घ्यावं?

सी निघाला असेल तर जोडीदार आणि मुलं, विशेषतः आईला असेल तेव्हा. बी निघाला असेल तर घरातले सगळे, आणि ज्यांना नाही त्यांनी लस घ्यावी. सी साठी आधी प्रतिपिंडांची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी विषाणू आत्ता आहे असा अर्थ होत नाही. आपोआप बऱ्या झालेल्यांतही ती पॉझिटिव्ह राहते. म्हणून आरएनएची (विषाणूच्या जनुकीय मजकुराची) दुसरी चाचणी करून मगच ठरवतात. डायलिसिसवर असलेले, पूर्वी रक्त घेतलेले, एकाच सुईने टोचून घेतलेले आणि गोंदवून घेतलेले यांनी कोणाला काही निघण्याची वाट न पाहता एकदा तपासून घ्यावं. बोटींवर परराज्यांतून आणि नेपाळमधून आलेले खलाशीही यात धरावेत. मालकांनी त्यांना तपासणीला सोबत आणलं तर फार चांगलं.

गरोदर बाईची बी ची तपासणी सरकारी केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह निघाली तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन द्यावं लागतं. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिलाही गोळ्या देतात. प्रसूती कुठे करायची हे ठरवतानाच, तिथे हे इंजेक्शन उपलब्ध असेल का, हे आधी विचारून ठेवा. लांबच्या वाडीतून ऐनवेळी निघून ते शोधत बसायला वेळ उरत नाही.